लाल वर्तुळातला शब्द

थांबा ना मित्रांनो, लगेच जाऊ नका! मी बोलतोय. इथे बघा, पत्राच्या खालच्या घडीजवळ, निळ्या शाईतला. मी शब्द आहे, आणि चांगला म्हातारा आहे. आठशेच्या आसपास असेन, जन्मतारीख कुणी लिहून ठेवलेली नाही. नाव हार्लट. इंग्रज, म्हणजे मूळचा फ्रेंच, लहानपणीच खाडी ओलांडून आलो. मराठी कशी येते म्हणाल, तर पंचेचाळीस वर्षं लंडनजवळच्या वॉटफर्डच्या एका फ्लॅटमधल्या ड्रॉवरमध्ये पडून होतो. तिथली बाई एकटी राहायची, म्हणून सगळ्यांशी बोलायची. कुकरशी, टीव्हीवर उद्याचा पाऊस सांगणाऱ्या माणसाशी, न पेटणाऱ्या लायटरशी. ऐकून ऐकून शिकलो.

मोठी माणसं म्हणतील, हा शब्द तोंडात घ्यायचा नाही. बरोबर आहे त्यांचं, घेऊ नका. पण माझी गोष्ट ऐकायला काय हरकत आहे?

तर मी लहान होतो तेव्हा मी पुरुष होतो. खरंच सांगतोय! भटक्या, उनाड, दारोदार भाकरी मागत फिरणारा जो गडी असायचा, त्याला हार्लट म्हणायचे. मग जत्रेत चेंडू उडवून दाखवणारा, मोठ्या लोकांच्या जेवणावेळी कोलांट्या मारणारा, तोही हार्लट. घरचा नोकर हार्लट. कधी कधी तर दोन दोस्त प्यायला बसले की एक दुसऱ्याच्या पाठीत थाप मारून म्हणायचा, भला हार्लट आहेस बघ तू! काय दिवस होते ते. धुळीत लोळायचो, पण मजेत होतो.

मग काय झालं ते मला नीट कळलंसुद्धा नाही. कुणी हुकूम काढला नाही की दवंडी पिटली नाही. पुरुषांनी मला हळूहळू अंगावरून उतरवलं, जुन्या कोटासारखं, आणि शेजारून जाणाऱ्या बाईच्या खांद्यावर टाकून दिलं. शंभर-दोनशे वर्षांत कोट तिचाच झाला. आता मी म्हणजे धंदा करणारी बाई. आणि धंदा करणारीच असं तरी कुठं? नवऱ्याला उलट बोलली, हार्लट. उशिरा घरी आली, हार्लट.

माझ्या सोबतिणींचीही हीच गत. वेंच म्हणजे साधं लेकरू होतं, मुलगा असो नाहीतर मुलगी. मग नुसती मुलगी, मग मोलकरीण, मग तीही बदनाम. घर सांभाळणारी हाउसवाइफ, तिचाच उच्चार झिजून झिजून हसी झाला, आणि हसी म्हणजे निर्लज्ज पोरगी! कोर्टातले कारकून लॅटिनमध्ये लिहायचे, अमकी मेरेट्रिक्स, तमकी मेरेट्रिक्स. त्या शब्दाचा मूळ अर्थ माहितीय? कमावणारी. बस्, एवढाच. त्यांच्याकडं जाणाऱ्या पुरुषांसाठीही होते की शब्द, पण ते त्यांच्या अंगाला फार दिवस चिकटायचे नाहीत. आणि तुम्ही हसू नका हं, तुमच्या मराठीतही माझ्या बहिणी आहेत. एक मूळची नुसती विधवा होती. एकीच्या नावात कसब आहे, हातातलं कसब. आज त्यांची नावं मी तुमच्यापुढं घेऊ शकत नाही.

कव्हेंट्री गावानं तर पंधरावं शतक संपता संपता नियमच केला. पन्नाशीच्या आतल्या, धडधाकट, एकट्या बाईनं स्वतःची खोली घेऊन राहायचं नाही, कुणाच्या तरी घरी चाकरीला राहायचं. ही खोली लक्षात ठेवा मित्रांनो, पुढं लागणार आहे.

मग बायबलचं इंग्रजी करणाऱ्या विद्वानांना दुसरा एक उघडावाघडा शब्द फार खरखरीत वाटायला लागला. त्याच्या जागी त्यांनी कितीदा तरी मला बसवलं, कारण मी त्यातल्या त्यात सभ्य! झालं, मी चर्चमध्ये पोचलो. रविवारी इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं माझं नाव घ्यायला लागली. आणि सभ्य शिवीचं एक असतं, ती लिहिताना माणसाचा हात थरथरत नाही.

असाच एक न थरथरणारा हात मला १९७९ साली भेटला.

हात होता डॉक्टर शशिकांत यांचा. पिनरमध्ये घर, हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ, मूळचे कऱ्हाडचे. त्यांचे वडील, अण्णा, कऱ्हाडच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, आणि त्यांच्या घरात एक भलतीच पद्धत होती. शशिकांत कॉलेजसाठी पुण्याला गेले तेव्हा त्यांनी आणि नऊ वर्षांनी धाकट्या बहिणीनं, सुप्रभानं, एकमेकांना पत्रं लिहायची ती इंग्रजीत. डिक्शनरीतला निदान एक नवा शब्द प्रत्येक पत्रात पाहिजे. आणि अण्णा ती पत्रं तपासायचे! लाल पेन्सिलीनं. चुकलेल्या शब्दाभोवती वर्तुळ, समासात शेरा, आणि मुलाचं आलेलं पत्र दुरुस्तीसाठी परत पोस्टानं पुण्याला. शेरा मात्र मराठीत असायचा, कारण अण्णांचं म्हणणं होतं की रागवायचं ते आपल्या भाषेत. दोनच शब्द. पुन्हा लिही.

अण्णा गेले, सुप्रभा शिकली आणि भावाच्या आधारानं इकडं आली. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. भावानं तिच्यासाठी पुण्याचं एक स्थळ पक्कं केलं, तिला न विचारता. ती नको म्हणाली. घरात आठ दिवस कुणी कुणाशी बोललं नाही, आणि नवव्या दिवशी तिनं वॉटफर्डला एक खोली भाड्यानं घेतली. सत्तावीस वर्षांची, कमावती, एकटी. पुरुष? कुणीसुद्धा नव्हता हो! एका शनिवारी पावसात लॅबमधल्या एका माणसानं स्टेशनपर्यंत छत्री धरली, तेवढं महाराष्ट्र मंडळातल्या कुणीतरी पाहिलं.

शशिकांतांनी पॅड घेतलं. मराठीतला शब्द त्यांच्या ओठांवर आला होता, मला माहितीय, पण तो आपल्या हातानं लिहायचा म्हणजे बापाचं नाव आठवणार. म्हणून त्यांनी डिक्शनरी उघडली. इंग्रजीत कमी लागेल असं त्यांना वाटलं. मी सापडलो. सुंदर वळणदार अक्षरात मला लिहिलं, खाली सही केली, आणि स्वतः जाऊन पोस्टात टाकलं.

तिनं पत्र वाचलं, घडी घातली आणि मला ड्रॉवरमध्ये ठेवलं. उत्तर दिलं नाही. त्या वर्षी ती भाऊबीजेला गेली नाही, त्यानं बोलावलं नाही. पिनर ते वॉटफर्ड गाडीनं वीस मिनिटं. पंचेचाळीस वर्षं.

आता तनिषा. शशिकांतांची नात, सतरा वर्षांची, बोलायला लागली की कॉमा नाही. शाळेत सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला, एक मोठा प्रोजेक्ट असतो, विषय ज्यानं त्यानं निवडायचा. तिनं आम्हाला निवडलं! मध्ययुगातल्या इंग्लंडात वेश्यांना काय काय म्हणायचे आणि त्या शब्दांचं पुढं काय झालं. मी तिच्या लॅपटॉपमध्ये दिवसातून पन्नासदा यायला लागलो. शब्दाचं हे बरं असतं, एका वेळी पुष्कळ ठिकाणी राहता येतं.

"ट्यूडर्स घे, वर्ल्ड वॉर घे," तिची आई रेखा म्हणाली. "मंडळात कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

"हिस्टरी सांग. हिस्टरीच आहे ना ती!"

"जेवताना नको," आजोबा एवढंच म्हणाले आणि वरणात बघत राहिले.

रेखाचं एक गुपित होतं. दर दिवाळीत ती सासऱ्यांना न सांगता वॉटफर्डला फराळाचा डबा पोचवायची. सून म्हणून आली तेव्हापासून, एकदाही चुकली नाही. या वर्षी तिला ऑनकॉल ड्यूटी लागली म्हणून डबा घेऊन तनिषा गेली.

"आत्याआजी, हा चकली आईनं केला, आणि हा करंजी पण."

"केला? केली! तुझी आजी असती तर तिनं तुला दारातच उभी केली असती," सुप्रभा हसून म्हणाली. बहात्तर वर्षांची, ताठ, केस पांढरे आणि कानाइतके आखूड. "बस. शाळेत काय चाललंय?"

विचारायचीच खोटी! तनिषानं एका दमात सगळं सांगितलं. कोलांट्या मारणारा मी, चर्चमधला मी, कव्हेंट्रीची खोली, सगळं. सुप्रभा ऐकत होती. मग उठली आणि तिनं ड्रॉवर उघडला.

इतक्या वर्षांनी उजेड, मित्रांनो! डोळे दिपले माझे.

"तुझ्या प्रोजेक्टला सॅम्पल देते," ती म्हणाली. "घरगुती आहे."

तनिषानं वाचलं. अक्षर ओळखीचं होतं, तिच्या प्रत्येक वाढदिवसाच्या कार्डावर तेच असायचं. तिच्या हातातला चकलीचा तुकडा तसाच राहिला.

"आजोबांनी? तुम्हाला?"

"दुसऱ्या कुणाला लिहिणार? एकच बहीण होती."

"तुम्ही काही बोलला नाही?"

"अण्णा असते तर त्यांनी तपासलं असतं. मी म्हटलं, चूक त्याची आहे, त्यानं ओळखावी. वाट बघत बसले. आता सवय झाली." मग डबा उघडत, तनिषाकडं न बघता म्हणाली, "रविवारी भाऊबीज आहे. तू सांगून बघ त्याला. मी काही बोलावत नाहीये हं. फक्त मी घरी आहे, एवढं सांग."

माझा फोटो काढून तनिषा घरी आली आणि तडक आजोबांच्या खोलीत गेली. फोन त्यांच्यापुढं धरला. एक्याऐंशी वर्षांचे आजोबा. त्यांनी चष्मा पुसला, फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला.

"तिनं ठेवलंय अजून?"

"हो. आजोबा, रविवारी जाऊ या ना. ती घरी आहे."

त्यांनी फोन परत दिला. मग म्हणाले, "तुझा तो प्रोजेक्ट वाचायला दे."

केवढी आशा वाटली मला! तनिषालाही. तिनं प्रिंट काढून दिलं, एकेचाळीस पानं. दोन दिवस ते खोलीत बसून वाचत होते, पेन्सिलीनं खुणा करत होते. रेखा जिन्यात तनिषाला म्हणाली, "अगं, आज सकाळी गुणगुणत होते बाबा. मी लग्न होऊन आल्यापासून ऐकलं नव्हतं." शनिवारी त्यांनी पॅड मागितलं. रविवारी दुपारी ते सूट घालून, टाय बांधून खाली आले. रेखानं गाडी काढली.

मी त्यांच्या आतल्या खिशात होतो, नव्या कागदावर, नव्या शाईत. काय लिहिलंय ते मला माहीत होतं. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण लिहिलेल्या शब्दाला ओरडता येत नाही.

साडेतीनच्या सुमाराला गाडी वॉटफर्डला त्या बिल्डिंगखाली थांबली. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत निरांजन दिसत होतं. शशिकांतांनी सीटबेल्ट काढला नाही. खिशातलं पाकीट काढून तनिषाला दिलं.

"आधी हे तिला वाचायला दे."

"आजोबा, तुम्हीच चला ना वर."

"आधी तिला फॅक्ट्स कळू देत. मग बोलावलं की येतो."

वर सगळी तयारी होती. स्टुलावर घडी घातलेली शाल, ताटात अक्षता, सुपारी, करंज्या. सुप्रभानं हिरवी साडी नेसली होती. तनिषाच्या मागं कुणी नाही हे बघून तिनं दार थोडा वेळ उघडंच ठेवलं. मग पाकीट फोडलं आणि उभ्यानंच वाचलं.

ऐका काय लिहिलं होतं. की सदर शब्दाचा गैरसमज झाला असावा असं आता लक्षात आलं आहे. की तेराव्या शतकात हा शब्द पुरुषांसाठी वापरत आणि त्याचा अर्थ भटका, फार तर मनमौजी माणूस. की चांगल्या दोस्तालाही तसं म्हणत. की घर सोडून फिरणारी व्यक्ती याच मूळ अर्थानं तो वापरला गेला असणं शक्य आहे. आणि खाली तळटीप होती! आधार म्हणून तनिषाचं नाव आणि पान अकरा.

सुप्रभा एकदाच हसली, नाकातून. "तळटीप घातलीय ह्यानं."

तनिषानं कागद घेतला आणि वाचला. तिचा चेहरा एकदम लहान झाला, पाच वर्षांच्या पोरीसारखा.

"हे मी लिहिलेलं आहे, आत्याआजी. पण मी हे असं नव्हतं लिहिलं. सॉरी. रिअली सॉरी."

"तू कशाला सॉरी? आमच्या घराण्यात सॉरी म्हणणारं पहिलंच माणूस दिसतेस."

मित्रांनो, मला किती जणांनी किती वाईट वापरलं. दारुड्यांनी, पाद्र्यांनी, कोर्टातल्या कारकुनांनी. पण माझ्या बालपणाचा असा वापर कुणी केला नव्हता. माझे ते चांगले दिवस, कोलांट्या, पाठीवरची थाप, सगळं त्या माणसानं काढलं आणि स्वतःच्या अंगावर पांघरून घेतलं. मला वाटलं, कुणी ओळखणारच नाही असं पुसून जावं.

सुप्रभानं टीव्हीशेजारच्या कपातून लाल बॉलपेन काढलं. ड्रॉवरमधलं जुनं पत्र काढून नव्या कागदाशेजारी ठेवलं. जुन्या पत्रात माझ्याभोवती एक वर्तुळ. नव्या कागदातही माझ्याभोवती एक. आणि समासात, तिरकं, थेट अण्णांच्या वळणाचं: पुन्हा लिही.

"हे दे त्याला," ती म्हणाली. "आणि सांग, निरांजनात तूप पुष्कळ घातलंय. तासभर टिकेल. घाई नाही."

खाली गाडीत शशिकांतांनी दोन्ही कागद मांडीवर घेतले. लाल रंग बघितला. "अण्णांचं अक्षर," ते पुटपुटले. मग कुणी काही न सांगता म्हणाले, "पेन आहे का कुणाकडं?"

रेखानं पर्समधून पेन दिलं, पार्किंगची एक जुनी नोटीस दिली पाठकोरी. त्यांनी लिहिलं, डिअर सुप्रभा. खोडलं. पुन्हा लिहिलं, विथ रेफरन्स टू. खोडलं. काचांवर वाफ धरली. रेखानं हीटर लावला, बंद केला.

"बाबा, दोन शब्द तर लिहायचेत," ती शेवटी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती सासऱ्यांशी त्या आवाजात बोलली असेल.

"मला माहितीय किती लिहायचेत ते!"

"मग लिहा ना."

"स्पेलिंग येत नाही असं नाहीये, रेखा!"

तनिषा मागच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. ती खिडकीकडं बघत होती. बाहेर अंधारायला लागलं होतं, म्हणून ज्योत आता जास्त दिसायला लागली होती. पाऊण तास झाला. मग तासही झाला. ज्योत आधी लांब झाली, मग बुटकी झाली. मग नव्हतीच. सुप्रभा खिडकीशी आली, गाडी अजून आहे का ते तिनं पाहिलं, आणि पडदा ओढून घेतला.

"घरी चल," शशिकांत म्हणाले.

तेव्हापासून मी पिनरला आहे, त्यांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. जुना मी आणि नवा मी, दोघं शेजारी, दोघांभोवती लाल वर्तुळ. तनिषाच्या प्रोजेक्टमध्ये आता पान अकराच्या तळाशी एक नवीन वाक्य आहे. तिनं रडत रडत लिहिलं, मी तिथंही होतो ना. या शब्दांचे जुने अर्थ सांगून आज कुणाला माफी मिळत नाही, असं ते वाक्य आहे. शिक्षिकेनं बाजूला लिहिलं, हे संशोधन नाही, मत आहे, पुरावा कुठं? तनिषानं वाक्य काढलं नाही.

आजोबांशी ती जेवणापुरतं बोलते.

आणि ते रोज सकाळी, चहा झाला की, ड्रॉवर उघडतात. आमच्याकडं बघतात. पॅड काढतात. पहिले काही दिवस डिअर लिहायचे आणि फाडायचे. टोपली भरली की रेखा मुकाट्यानं रिकामी करते. काल मात्र वेगळं झालं. काल त्यांनी पेन धरलं आणि अक्षर देवनागरीत उमटलं, वेडंवाकडं, हात चांगलाच थरथरत होता. त्यांनी लिहिलं, सुप्रभा, मी. मग कॅप लावली आणि पेन ठेवलं. आज सकाळी कागद तसाच होता. त्यांनी तो वाचला, दोनदा, आणि पुढचा शब्द काही आला नाही.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. मला वापरू नका हे तर झालंच. पण रागात कुणावर कुठला शब्द टाकलात, तर तो शतकभरात मऊ होईल, त्याचा अर्थ बदलेल, असं समजून बसू नका. बदलतो, मी साक्षीदार आहे, पण ज्याला लागला त्याच्याकडं तो त्याच दिवसाचा राहतो, त्याच शाईचा. मी ड्रॉवरमध्ये त्याच दिवसाचा राहिलो ना पंचेचाळीस वर्षं? तेव्हा उठा, आणि उचलून आणा आपला शब्द. तळटीप नको. जिना चढून जा.

मी आठशे वर्षांचा आहे, मला थांबायची सवय आहे. पुढच्या भाऊबीजेपर्यंत थांबेन, त्याच्या पुढच्याही. पण ते एक्याऐंशीचे आहेत आणि ती बहात्तरची, आणि त्या कागदावर अजून तेवढंच आहे: सुप्रभा, मी